झडप-समायोजन, वायुशीतित मोटारगाडीचे

झडप-समायोजन, वायुशीतित मोटारगाडीचे : हवेने थंड ठेवल्या जाणाऱ्या एंजिनातील झडप व ती उघडणारा डोलता दांडा (रॉकर) यांच्यामध्ये एंजिन थंड असताना एक बारीक फट ठेवावी लागते. ही फट ठरावीक काळाने मोजून योग्य मापास आणण्याच्या क्रियेस झडप-समायोजन म्हणतात. महाराष्ट्रातील दुरुस्ती-कारखान्यांत या कामास ‘टॅपेट सेटिंग’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. फट सामान्यतः ०.१० ते ०.१५ मिमी., म्हणजे लिहिण्याच्या साध्या कागदाच्या जाडीइतकी किंवा तीहून थोडी अधिक असते. परंतु एंजिनाचे आयुष्य मोठ्या प्रमाणात तिच्यावर अवलंबून असते. विसाव्या शतकात लक्षावधी मोटारमालकांनी हे काम स्वतःच्या घरी केले. पुढे ते यंत्रानेच आपल्याकडे घेतले आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत ते पुन्हा मालकाकडे आले. या दृष्टीने त्याचा इतिहास हा यंत्र व ते वापरणारा माणूस यांच्यातील जबाबदारीच्या वाटणीचाही इतिहास आहे.

तत्त्व : चार धावांच्या (फोर-स्ट्रोक) एंजिनात प्रत्येक सिलिंडरास किमान दोन झडपा असतात. एकीतून हवा व इंधन यांचे मिश्रण आत येते, दुसरीतून जळालेले वायू बाहेर जातात. भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरणारा कॅमदंड टॅपेट, ढकलदांडा व डोलता दांडा यांच्या साखळीमार्फत झडप उघडतो आणि स्प्रिंग ती बंद करते. एंजिन तापले की, सिलिंडर, सिलिंडरशीर्ष, ढकलदांडा व झडप हे भाग वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. या साखळीत मोकळी जागा ठेवली नाही, तर प्रसरण पावलेले भाग झडपेस किंचित उघडी धरतात व ती आपल्या बैठकीवर पूर्णपणे टेकत नाही.

निष्कास झडपेच्या (वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) बाबतीत ही गोष्ट घातक ठरते. या झडपेचा माथा ज्वलनाच्या तप्त वायूंत असतो आणि त्यातील बहुतांश उष्णता झडप बंद असताना बैठकीच्या स्पर्शातूनच बाहेर जाते. स्पर्श अपुरा झाला की माथा अधिक तापतो, फटीतून निसटणारे वायू त्याची कड जाळतात व संपीडन कमी होते. दुर्लक्ष चालूच राहिले, तर माथा दांड्यापासून तुटून सिलिंडरात पडतो आणि दट्ट्या व सिलिंडरशीर्ष या दोहोंचा नाश करतो.

फट प्रमाणापेक्षा मोठी असल्यास झडप उशिरा व कमी उघडते, शक्ती घटते, डोलत्या दांड्याचे टोक झिजते आणि एंजिनातून टिकटिक असा आवाज येतो. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. सैल झडप आवाजाने आपली स्थिती कळविते, घट्ट झडप मात्र निःशब्द असते. वापरात बैठक झिजून झडप सिलिंडरशीर्षात आत सरकते व तिचा दांडाही काही प्रमाणात ताणला जातो. या दोन्ही कारणांनी फट मोठी न होता लहान होते. म्हणजे अधिक धोक्याचा दोष हाच अधिक शांत असतो. एंजिनाचा आवाज ऐकून झडपांची स्थिती ठरविता येत नाही, ती मोजावीच लागते. नियतकालिक समायोजनाचे मूळ कारण हेच होय.

वायुशीतनाची उत्क्रांती : सिलिंडराभोवती पाणी खेळवून उष्णता काढून घेण्याऐवजी सिलिंडरावर पातळ धातूची पाती (पंख) ठेवून हवेच्या झोताने ती काढून घेणे, ही कल्पना मोटारगाडीइतकीच जुनी आहे. गोटलीप डाइमलर (१८३४–१९००) यांनी १८८५ मध्ये लाकडी दुचाकीवर बसविलेले एंजिन वायुशीतित होते. फ्रान्समधील द दियाँ-बूताँ कंपनीची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची लहान एकसिलिंडरी एंजिनेही वायुशीतित होती. या एंजिनांत आतली झडप दट्ट्याच्या शोषणानेच आपोआप उघडे. यंत्रणेने उघडावी लागे ती केवळ निष्कास झडप. पुढे एंजिनांचा वेग वाढला, तशी दोन्ही झडपा कॅमने उघडण्याची रीत सार्वत्रिक झाली आणि फट जपण्याचे कामही दुप्पट झाले.

अमेरिकेत सिराक्यूस येथील फ्रँक्लिन कंपनीने १९०२ ते १९३४ या काळात वायुशीतित मोटारी बनविल्या. चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीसाठी हान्स लेडविंका (१८७८–१९६७) यांनी १९२३ मध्ये समोरासमोर सिलिंडर असलेल्या वायुशीतित एंजिनाची ‘टाट्रा ११’ ही मोटार तयार केली. तिच्यामागील विचार सरळ होता. शीतक पाणी नसले म्हणजे ते हिवाळ्यात गोठत नाही, उन्हाळ्यात उकळत नाही, तसेच गळतही नाही. त्यामुळे कारखान्यापासून दूर राहणाऱ्या माणसास गाडी सांभाळणे सोपे जाते.

या विचाराची सर्वांत मोठी परिणती म्हणजे जर्मनीतील फोक्सवागन ही मोटार होय. फेर्डिनांट पोर्श (१८७५–१९५१) यांच्याकडे १९३४ मध्ये तिच्या अभिकल्पाचे काम सोपविण्यात आले. गाडीच्या मागील भागात बसविलेले तिचे चार सिलिंडरांचे आडवे एंजिन फ्रांत्स रायमश्पीस यांनी तयार केले. दुसऱ्या महायुद्धात याच एंजिनावर चालणारी ‘क्यूबेलवागन’ ही लष्करी गाडी आफ्रिकेच्या वाळवंटात व रशियाच्या थंडीत वापरण्यात आली. युद्धानंतर व्होल्फ्‌सबुर्क येथील कारखाना ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली १९४५ मध्ये पुन्हा सुरू झाला. ‘बीटल’ (भुंगेरा) या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या या गाडीने फेब्रुवारी १९७२ मध्ये फोर्ड कंपनीच्या ‘टी’ गाडीचा उत्पादनाचा विक्रम मोडला. मेक्सिकोतील प्वेब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी शेवटची गाडी बाहेर पडली, तोवर एकूण २,१५,२९,४६४ गाड्या तयार झाल्या होत्या. फ्रान्सची सीट्रोएन २ सीव्ही (१९४८–९०), इटलीची फियाट ५०० (१९५७–७५) आणि पोर्श ९११ (१९९८ पर्यंतच्या गाड्या) ही वायुशीतित मोटारींची इतर ठळक उदाहरणे आहेत.

वायुशीतन व झडपांवरील ताण : वायुशीतित एंजिनातील तापमान जलशीतित एंजिनापेक्षा अधिक चढउतार करते, कारण उष्णता सामावून घेणारा पाण्याचा साठा त्यात नसतो. फोक्सवागनच्या एंजिनात भुजादंडावरील पुलीवरून जाणारा पट्टा जनित्रास फिरवितो व जनित्राच्या दांड्यावरच शीतक पंखा असतो. पट्टा तुटला की, पंखा थांबतो आणि गाडी लगेच उभी न केल्यास झडपांना इजा होते. पट्टा तुटताच जनित्राचा तांबडा दिवा लागतो. या गाडीत तो विजेइतकाच शीतनाचाही इशारा असतो.

हवेचे वाटप सर्व सिलिंडरांना समान होईलच असे नाही. याचे बोधप्रद उदाहरण फोक्सवागनच्या तिसऱ्या सिलिंडराचे आहे. वंगण तेल थंड करणारा शीतक पंख्याच्या आवरणातच, या सिलिंडराकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेवर उभा होता. त्यामुळे त्यास कमी आणि आधीच तापलेली हवा मिळे व त्याची निष्कास झडप इतरांच्या आधी जळे. १९७१ च्या गाड्यांपासून तेलशीतकास स्वतंत्र हवामार्ग देऊन हा दोष कमी करण्यात आला. तोवर या दोषावरील मुख्य उपाय मालकाच्या हाती होता. तो म्हणजे फट वेळच्या वेळी तपासणे हा होय.

मालकाच्या हातातील काम : मोटारगाडीच्या पहिल्या काळात ती बाळगणारे लोक बहुधा श्रीमंत असत व यंत्राची निगा पगारी चालक ठेवी. मध्यमवर्गाच्या हाती गाडी आल्यावर ही निगा मालकावर आली. फोक्सवागनच्या सुरुवातीच्या गाड्यांत झडपांची फट सुमारे दर ५,००० किमी. नंतर आणि पुढील काळात सुमारे दर १०,००० किमी. नंतर तपासण्याची सूचना असे. कंपनीची सेवा-केंद्रे हे काम करून देत. तथापि गाडीची रचनाच अशी होती की, ते घरीही करता यावे. झडपांवरील झाकण एका वाकविलेल्या जाड तारेने धरलेले असे व ती तार खाली ढकलली की झाकण हाती येई. साधा पाना, स्क्रू ड्रायव्हर व जाडी मोजण्याची पाती एवढी साधने पुरत.

या घरगुती कामास ग्रंथरूप देण्याचे श्रेय जॉन म्यूर (१९१८–७७) या अमेरिकन अभियंत्यास दिले जाते. विमान-उद्योगातील नोकरी सोडून ते न्यू मेक्सिको राज्यात स्थायिक झाले. त्यांचे ‘हाउ टू कीप युवर फोक्सवागन अलाइव्ह’ हे पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. पीटर अ‍ॅश्वांडन यांची रेखाचित्रे त्यात आहेत. यंत्रविद्येचे कोणतेही पूर्वज्ञान नसलेल्या माणसास एकेक पायरी सांगत नेणे ही त्याची पद्धत. झडपांचे समायोजन हे नियमित निगेचे मध्यवर्ती काम असून ते मालकाने स्वतः करावे, असा त्याचा आग्रह होता. दुरुस्तीची पुस्तिका सामान्य वाचकासाठी लिहिता येते, हे या पुस्तकाने दाखवून दिले.

पद्धत : फोक्सवागनच्या एंजिनात सिलिंडरशीर्षे दोन असून त्यांत प्रत्येकी चार, अशा एकूण आठ झडपा असतात. काम एंजिन पूर्णपणे थंड असतानाच, शक्यतो गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी करतात. कारण दिलेली मापे थंड एंजिनाची असतात. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावतात आणि गिअर तटस्थ ठेवतात. प्रथम वितरकाचे (डिस्ट्रिब्युटरचे) झाकण काढून भुजादंडाची पुली पान्याने फिरवितात. पुलीवरील खूण एंजिनपेटीच्या जोडरेषेसमोर आली आणि वितरकातील फिरता भाग पहिल्या सिलिंडराच्या खुणेकडे वळला म्हणजे त्या सिलिंडराच्या दोन्ही झडपा बंद असतात. ही खात्री महत्त्वाची आहे, कारण भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत पुलीवरील खूण दोनदा जोडरेषेसमोर येते. त्यांपैकी एकदाच पहिल्या सिलिंडराच्या झडपा मोकळ्या असतात.

यानंतर ठरविलेल्या जाडीचे पाते झडपेचे टोक व समायोजक स्क्रू यांमध्ये सरकवितात. चेकनट सैल करून स्क्रू अशा बेताने फिरवितात की, पाते ओढताना किंचित अडावे, पण अडकू नये. मग स्क्रू स्थिर धरून चेकनट आवळतात आणि फट पुन्हा मोजतात, कारण नट आवळताना ती अनेकदा बदलते. पहिल्या सिलिंडराच्या दोन्ही झडपा झाल्यावर पुली घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अर्धी फेरी फिरविली की दुसरा, आणखी अर्ध्या फेरीने तिसरा व नंतर चौथा सिलिंडर समायोजनास येतो. शेवटी झाकणाचे बूच-लाकडाचे गॅस्केट बदलून एंजिन चालू करतात व तेलाची गळती तपासतात.

सुरुवातीच्या व १९६६ ते ७० या काळातील बहुतेक एंजिनांसाठी ०.१० मिमी. आणि १९७० नंतरच्या एंजिनांसाठी ०.१५ मिमी. हे माप दिले जाई. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातील काही एंजिनांसाठी आतल्या झडपेस ०.२० मिमी. व निष्कास झडपेस ०.३० मिमी. असे वेगळे माप होते आणि त्याची चिठ्ठी पंख्याच्या आवरणावर चिकटविलेली असे. म्हणून आपल्या गाडीत कोणते एंजिन आहे हे निश्चित केल्यावाचून काम सुरू करीत नाहीत. स्क्रूच्या टोकास झिजून खळगा पडला असेल, तर सपाट पाते खळग्याच्या कडांवरच टेकते व प्रत्यक्षातील फट मोजलेल्या फटीपेक्षा मोठी राहते. अशा वेळी स्क्रू बदलणे हाच उपाय असतो.

स्वयंचलित समायोजन व वायुशीतनाचा अस्त : मालकावरील हे ओझे काढून टाकण्याचे प्रयत्न बरेच आधी सुरू झाले होते. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीच्या १९३० च्या सोळा सिलिंडरी गाडीत तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारी यंत्रणा होती. अशा द्रवीय टॅपेटात तेलाने भरलेला लहान दट्ट्या असतो. तो भागांच्या प्रसरणाप्रमाणे व झिजेप्रमाणे पुढेमागे सरकतो आणि साखळीत फट राहू देत नाही. शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेअर (१९६०–६९) या वायुशीतित मोटारीत असे टॅपेट होते. फोक्सवागनच्या मोठ्या प्रवासी गाड्यांच्या वायुशीतित एंजिनांत ते १९७८ च्या सुमारास आले. यामुळे आवाज कमी झाला आणि नियमित मोजणीची गरज उरली नाही. त्याबरोबरच मालकाने झाकण उघडून आत पाहण्याचा प्रसंगही संपला.

त्याच सुमारास वायुशीतित मोटारींचे दिवसही सरत आले. धूर व आवाज यांवरील निर्बंध कडक झाले. ते पाळण्यासाठी एंजिनाचे तापमान अरुंद मर्यादेत ठेवणे आवश्यक असते व हे पाण्याने अधिक नेमके साधते. युरोपातील बंद छपराच्या बीटलचे उत्पादन १९७८ मध्ये थांबले आणि पोर्श कंपनीनेही १९९८ मध्ये ९११ मधील वायुशीतन सोडून दिले.

महाराष्ट्रातील स्थिती : भारतात वायुशीतित मोटारींचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले नाही. फोक्सवागन व तत्सम गाड्या थोड्या संख्येने आयात झाल्या. भारतात उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांनी केवळ जुळणी करू नये, असे धोरण शासनाने १९५३ मध्ये स्वीकारले. त्यानंतर जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी मुंबईतील आपली कामे बंद केली. वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० व तिचाच पुढील अवतार असलेली प्रीमियर पद्मिनी या गाड्या बनत. त्यांचे एंजिन जलशीतित असले, तरी झडपांची फट स्क्रू व चेकनट यांनीच जुळवावी लागे. मुंबईच्या टॅक्सींमुळे हे कौशल्य शेकडो लहान दुरुस्ती-कारखान्यांत पसरले आणि ‘टॅपेट’ हा शब्द मराठी बोलीत रुळला.

प्रत्यक्ष वायुशीतित एंजिनाशी महाराष्ट्राचा परिचय मोटारीपेक्षा दुचाकी, रिक्षा व शेतीची एंजिने यांच्यामार्फत अधिक झाला. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीच्या जुन्या स्कूटर व रिक्षा वायुशीतित होत्या. परंतु त्यांची एंजिने दोन धावांची (टू-स्ट्रोक) असल्याने त्यांत अशा झडपाच नव्हत्या. मद्रास (चेन्नई) येथे १९५५ पासून तयार होणाऱ्या एन्फील्ड बुलेट या मोटारसायकलीत मात्र ढकलदांडे होते. तिच्या जुन्या एंजिनात पात्याऐवजी बोटांच्या स्पर्शावर काम चाले. थंड एंजिनात ढकलदांडा बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये, ही त्याची कसोटी होती. या मोटारसायकलीच्या २००८ नंतरच्या नव्या रचनेच्या एंजिनांत द्रवीय टॅपेट आले आणि ही कसोटी अनावश्यक झाली. १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी १०० या वायुशीतित मोटारसायकलीने चार धावांचे लहान एंजिन घरोघरी पोहोचविले. पुण्यातील किर्लोस्कर ऑइल एंजिन्स (स्थापना १९४६) या कंपनीची वायुशीतित डीझेल एंजिनेही वीजनिर्मिती व शेती या कामांसाठी वापरात आली. त्यामुळे फट मोजण्याचे पाते ओळखणारा माणूस खेड्यापाड्यांतही आढळू लागला.

वाणगाव परिसर : महानगरापासून दूर जुनी वायुशीतित मोटार सांभाळणे म्हणजे काय, हे समजण्यास पालघर जिल्ह्यातील वाणगावसारख्या गावाची परिस्थिती उपयोगी पडते. वाणगाव हे डहाणू तालुक्यातील गाव पश्चिम रेल्वेच्या बोईसर व डहाणू रोड या स्थानकांदरम्यान, मुंबईपासून लोहमार्गाने शंभर किमी. हून अधिक अंतरावर आहे. मिरचीचे मळे व चिकूच्या बागा हे या भागाचे वैशिष्ट्य आहे. जवळच तारापूर येथील अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले आणि बोईसरलगत तारापूर औद्योगिक वसाहत वाढली. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणीय दृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाल्याने तेथे मोठ्या उद्योगांवर मर्यादा आल्या.

वायुशीतित एंजिनास या किनारपट्टीत तीन गोष्टी प्रतिकूल ठरतात. पहिली, समुद्रावरील खारी व दमट हवा. फोक्सवागनच्या एंजिनाची पेटी मॅग्नेशियमाच्या मिश्रधातूची असून ती खारट ओलाव्याने लवकर गंजते. हवा वळविणारे पत्र्याचे आवरणही गंजून भोके पडतात व तेथून गरम हवा परत पंख्याकडे खेचली जाते. दुसरी, धूळ व चिखल. ढकलदांड्यांच्या नळ्यांतून झिरपलेल्या तेलावर धूळ बसून सिलिंडरांच्या पात्यांमधील जागा भरते आणि उष्णता बाहेर जाण्याची वाट बंद होते. तिसरी, पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर आणि एप्रिल-मे या महिन्यांतील उष्मा. या दिवसांत मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडी दीर्घकाळ वेगाने चालविल्यास निष्कास झडपा सर्वाधिक तापतात. म्हणून येथे अंतर मोजण्याच्या कामास पाती साफ करणे, आवरणातील भोके बुजविणे व पट्ट्याचा ताण तपासणे या कामांची जोड द्यावी लागते. केवळ फट जुळवून मूळ कारण तसेच ठेवल्यास ती पुन्हा लवकर बिघडते.

बारीक मापाचे काम या परिसरास अपरिचित नाही. चिंचणी, वरोर, वाढवण इत्यादी गावांत दागिन्यांचे साचे (डाय) कोरण्याचा व्यवसाय घरोघरी चालतो. पोलादावर अत्यंत सूक्ष्म नक्षी उठविणाऱ्या हातांना कागदाच्या जाडीएवढी फट जुळविणे अवघड वाटण्याचे कारण नाही. अडचण हाताच्या कौशल्याची नसून माहितीची असते. म्हणजे माप कोणते, ते केव्हा घ्यावयाचे आणि झडप बंद आहे हे कसे ओळखावयाचे, या तीन गोष्टींची असते.

सद्यःस्थिती : भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये पूर्णपणे बंद झाले. पेट्रोलातील शिशाचा थर झडपांच्या बैठकीस झिजेपासून काही अंशी वाचवीत असे. ज्या जुन्या एंजिनांच्या बैठकी कठीण पोलादाच्या नाहीत, त्यांत ही झीज वाढून फट अधिक लवकर लहान होते. अशा गाड्यांत तपासणीचा काळ कमी करणे किंवा कठीण बैठका बसविणे इष्ट असते.

दुसरा बदल कारागिरांच्या बाबतीतील आहे. मुंबईतील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून गेली आणि टॅपेट जुळविण्याच्या कौशल्यास रोजचे काम पुरविणारा एक मोठा स्रोत आटला. नव्या मोटारींच्या अनेक एंजिनांत द्रवीय यंत्रणा असल्याने नव्या पिढीच्या कारागिरास हे काम शिकण्याचा प्रसंग क्वचितच येतो. याउलट जुन्या गाड्या जतन करण्यास कायद्याने उत्तेजन मिळाले आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. गाडी मूळ स्वरूपात राखणे म्हणजे तिच्यातील स्क्रू, चेकनट व फटही राखणे होय. ज्या कामातून कारखान्यांनी मालकास मुक्त केले, ते काम जतनाच्या निमित्ताने त्याच्याकडे परत आले आहे.

अशा मालकास मोजणीइतकीच नोंद उपयोगी पडते. प्रत्येक तपासणीच्या वेळी समायोजनापूर्वी आढळलेली आठही झडपांची फट तारीख व अंतर यांसह वहीत लिहून ठेवल्यास काही वर्षांत एंजिनाचा इतिहास तयार होतो. सर्व झडपांतील बदल थोडा व सारखा असेल, तर ती नेहमीची झीज समजावी. एकच निष्कास झडप प्रत्येक वेळी इतरांपेक्षा अधिक घट्ट आढळली, तर तिचा दांडा ताणला जात आहे किंवा तिची बैठक खचत आहे, असा अर्थ होतो. ती पुनःपुन्हा सैल करून गाडी चालवीत राहिल्यास माथा तुटण्याचा संभव असतो. तेव्हा समायोजन थांबवून सिलिंडरशीर्ष उतरवावे व झडप बदलावी. या अवस्थेत एंजिनातून कोणताही आवाज येत नसल्याने वहीतील नोंद हीच तिची पूर्वसूचना ठरते.